सोडतीच्या तिकिटावर उभी राहिलेली वाडी

फिलिपिन्समध्ये गावागावांच्या चौकांत एक पुतळा हमखास भेटतो. अंगात जाड ओव्हरकोट, हातात पुस्तक, नजर दूर कुठे तरी लागलेली. बारमाही उकाड्याच्या त्या देशात हा युरोपीय हिवाळ्याचा पोशाख काहीसा विचित्रच वाटतो. पुतळा असतो डॉ. होसे रिझाल यांचा. स्पॅनिश सत्तेने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घालून ठार केले, तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते. नेत्रशल्यविशारद, कादंबरीकार, बहुभाषाकोविद आणि राष्ट्रपुरुष ही त्यांची ओळख शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण त्या ओव्हरकोटाच्या आत एक वेगळाच माणूस होता. तलवारबाजीचा दररोज सराव करणारा, शिंपले गोळा करणारा, सोडतीचे तिकीट न चुकता विकत घेणारा आणि नूडल्सच्या आठवणीने व्याकूळ होणारा. त्यांच्या चरित्राचा हा भाग किरकोळ समजून बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात सामान्य फिलिपिनो माणसाचे खेळ, छंद आणि ताट या तिन्ही गोष्टी या एका आयुष्यात जितक्या ठळकपणे दिसतात, तितक्या त्या काळातल्या दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात क्वचितच दिसतील.

होसेचा जन्म १९ जून १८६१ रोजी लागुना प्रांतातल्या कलाम्बा गावी झाला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्माला तेव्हा जेमतेम सहा आठवडे उलटले होते. एका बाजूला माकिलिंग पर्वत, दुसऱ्या बाजूला लागुना दे बाय हे विस्तीर्ण सरोवर आणि मधे उसाची व भाताची शेते. वडील फ्रान्सिस्को मेर्कादो हे डोमिनिकन पंथाच्या मठाची जमीन खंडाने कसणारे सधन कुळ. त्यांचे पूर्वज चीनच्या फुकियन प्रांतातून आलेले. आई तेओदोरा अलोन्सो सुशिक्षित होती; घरचे दुकान आणि पिठाची गिरणी ती स्वतः पाही. अकरा भावंडांत होसे सातवा.

घरामागच्या बागेची नावनिशी वाचताना कोकणातल्या वाचकाला परकेपणा वाटणार नाही. सीताफळ, पपई, जाम आणि त्यांच्या जोडीला सांतोलसारखी तिकडची खास झाडे. मूल अशक्त, म्हणून वडिलांनी त्याच्यासाठी बागेतच निपाच्या झावळ्यांची एक छोटी झोपडी बांधून दिली आणि सांभाळायला एक बाई ठेवली. तिला तिथेही आयाच म्हणत. आयबेरियाचे दर्यावर्दी हा शब्द दोन्ही किनाऱ्यांवर ठेवून गेले. सायंप्रार्थनेनंतर ही आया चांदण्यात भुताखेतांच्या आणि असुआंग नावाच्या राक्षसीच्या गोष्टी सांगे. घरात उस्मान नावाचा काळा कुत्रा होता, आलिपातो नावाचे तट्टू होते. हाताला मेण किंवा माती लागली की होसे त्यातून काही ना काही आकार घडवीत असे.

मामा मान्युएल याला मात्र भाच्याची किरकोळ प्रकृती खुपत होती. त्याने पोराला पळायला, उड्या मारायला, पोहायला आणि कुस्ती खेळायला लावले. या तालमीचा उपयोग लवकरच झाला. १८६९ साली जेमतेम आठ वर्षांचा होसे शेजारच्या बिन्यान गावी शिकायला गेला आणि पहिल्याच दिवशी चेष्टा करणाऱ्या मास्तरांच्या मुलाला त्याने कुस्तीत लोळवले. नंतर पंजा लढवताना मात्र दुसऱ्या एका वर्गमित्राने त्याला हरवले. दोन्ही हकिगती रिझाल यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवल्या. हार लपवली नाही.

त्याच आठवणींत बिन्यानमधल्या जेवणाची नोंद आहे. पहाटे चार वाजता प्रार्थना, मग माबोलो नावाचे फळ शोधत बागेतून एक फेरी आणि न्याहारीला भात व दोन लहान सुक्या मासळ्या. फिलिपिनो घराघरांत आजही हा बेत आवडीने होतो. सुक्या मासळीचा वास ज्याच्या लहानपणात आहे, त्याला वेगळे स्पष्टीकरण नको.

या सुखी घराला पहिला तडा अन्नावरूनच गेला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. गावच्या सिव्हिल गार्डच्या अधिकाऱ्याला आपल्या घोड्यासाठी मेर्कादोंच्या घरून हवा तेव्हा चारा मिळायचा. एका वर्षी चाऱ्याची टंचाई झाली आणि फ्रान्सिस्को यांनी नकार दिला. अधिकाऱ्याने तो डूख धरला. पुढे तेओदोरा यांच्यावर, भावाच्या साथीने त्याच्या बायकोला विष घालण्याचा कट केल्याचा आरोप आला, तेव्हा या अधिकाऱ्याने त्यात पुढाकार घेतला. त्या प्रौढ स्त्रीला कलाम्बाहून प्रांताचे मुख्य ठाणे असलेल्या सांता क्रूझपर्यंत पायी चालवत नेण्यात आले. सुमारे अडीच वर्षे तुरुंगात काढल्यावर तिची निर्दोष सुटका झाली. मुलाचे वय त्या वेळी दहा-अकरा.

१८७२ साली मनिलाच्या आतेनेओ या जेझुइट शाळेत नाव घालताना मेर्कादो हे आडनाव टाकून रिझाल लावण्यात आले. थोरला भाऊ पासियानो हा त्याच वर्षी देहान्त शासन झालेल्या फादर बुर्गोस यांच्याकडे राहिलेला असल्याने मेर्कादो नाव सत्तेच्या डोळ्यांवर आले होते. आतेनेओत वर्गातल्या पहिल्या क्रमांकाबरोबरच व्यायामशाळा आणि तलवारबाजी यांची गोडी लागली. याच वयात साध्या चाकूने बातिकुलिंग लाकडात त्याने कोरलेली मेरीची मूर्ती पाहून शिक्षक चकित झाले होते.

३ मे १८८२ रोजी ते स्पेनला निघाले. बोटीवर बुद्धिबळाचा पट मांडून सहप्रवाशांना हरवण्यात त्यांचा वेळ बरा गेला. माद्रिदमध्ये वैद्यक, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांचा अभ्यास एकाच वेळी चालू असे आणि उरलेला वेळ तलवारबाजीच्या आखाड्यात व पिस्तुलाच्या नेमबाजीत जाई. खर्चाची काटेकोर नोंद ठेवणाऱ्या या विद्यार्थ्याच्या वहीत एक बाब मात्र सातत्याने दिसते: सोडतीची तिकिटे. दारू जवळजवळ नाही, जुगाराचा अड्डा नाही, पण सरकारी लॉटरीचे तिकीट चुकायचे नाही. हे त्यांचे एकमेव व्यसन, अशी नोंद त्यांच्या स्पॅनिश चरित्रकारानेही केली आहे.

घरून येणारे पैसे हळूहळू आटत गेले. मठाने खंड वाढवला, पिके बिघडली. २५ जून १८८४ रोजी ग्रीक भाषेच्या स्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला तो उपाशीपोटी. त्याच संध्याकाळी हुआन लुना आणि हिदाल्गो या फिलिपिनो चित्रकारांच्या सन्मानार्थ एका नामांकित उपाहारगृहात मेजवानी होती आणि तिथले मुख्य भाषण रिझाल यांचे होते. बर्लिनचा १८८६ चा हिवाळा त्याहून वाईट गेला. दिवसातून एक वेळ जेवण, तेही कधी पाव आणि पाणी, तर कधी भाज्यांचे सूप. खोकला सुरू झाला, क्षयाची भीती वाटू लागली. मित्र माक्सिमो व्हिओला ऐन वेळी पैसे घेऊन आला म्हणून मार्च १८८७ मध्ये ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी छापून झाली. व्हिओलाने दिलेल्या ३०० पेसोंत २००० प्रती निघाल्या.

अर्धपोटी माणसाने लिहिलेल्या या कादंबरीत खाण्याचे प्रसंग किती आहेत, हे मोजण्यासारखे आहे. अगदी सुरुवातीच्या मेजवानीतच तिनोला येते. आले घालून उकळलेला कोंबडीचा हा पातळ रस्सा. त्यात कच्ची पपई किंवा भोपळा घालतात. वाढताना दामासो या माजोरी पाद्र्याच्या वाट्याला नेमकी मान आणि चिवट पंख येतो, तर नुकताच परदेशाहून आलेल्या तरुण इबार्राला चांगला भाग मिळतो. एका वाडग्यातून कादंबरीचा सारा संघर्ष सुरू होतो. पुढे सरोवरावरच्या सहलीत मासे पकडले जातात आणि कोणत्या माशाचे आंबट सिनिगांग चांगले होईल, कोणता नुसता उकडावा, यावर बायकांची चर्चा रंगते. जेवणानंतर बुद्धिबळाचा डावही मांडला जातो. हे तपशील पर्यटकाला सुचणारे नाहीत. परक्या शहरात भुकेल्या पोटी बसून आईचे स्वयंपाकघर आठवणाऱ्यालाच ते सुचतात.

कोंबड्यांच्या झुंजीचेही एक स्वतंत्र प्रकरण या कादंबरीत आहे. फिलिपिन्सचा रविवार म्हणजे साबोंग. कोंबड्याच्या पायाला धारदार पाते बांधून झुंज लावायची आणि तिच्यावर पैसे लावायचे. स्पॅनिश सरकार या आखाड्यांचे मक्ते देऊन महसूल मिळवी. रिझाल यांना या खेळाचा तिटकारा होता. कादंबरीतले दोन भाऊ याच आखाड्यात पैशाच्या मोहाने एका घातक कटात ओढले जातात. ऑगस्ट १८८७ मध्ये कलाम्बाला परतल्यावर त्यांनी आईच्या डोळ्यांवर उपचार केले, दवाखाना चालवला आणि त्याबरोबर गावातल्या तरुणांसाठी व्यायामशाळा काढली. कसरती, तलवारबाजी, नेमबाजी. गावची पोरे झुंजीच्या आखाड्यातून उठून इकडे यावीत, हा सरळ हेतू होता.

हा प्रयत्न किती टिकला असता, कोण जाणे. कादंबरीमुळे मठवाले खवळले होते आणि फेब्रुवारी १८८८ मध्ये रिझाल यांना पुन्हा देश सोडावा लागला. जपान, अमेरिका, लंडन, पॅरिस. पॅरिसमध्ये लुना यांच्या चित्रशाळेत हातात तलवारी घेऊन उभ्या असलेल्या मित्रमंडळींचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात नेली बुस्तेद ही तरुणीही आहे. याच नेलीवरून १८९० साली माद्रिदमध्ये अंतोनियो लुना याच्याशी द्वंद्व व्हायची वेळ आली होती. रिझाल पिस्तुलात पक्के, लुना तलवारीत. अंतोनियोने माफी मागितली आणि दोन देशभक्तांचा जीव वाचला. स्पॅनिश वृत्तपत्रे फिलिपिनो माणसाला आळशी आणि दुबळा म्हणत असताना हा बांधेसूद, नेमका आणि चटकन आव्हान देणारा डॉक्टर शरीर कमावण्यामागे का लागला होता, ते समजू शकते. १८८९ मध्ये त्यांनी काढलेल्या मित्रमंडळाच्या कार्यक्रमातही तलवार आणि पिस्तूल होतेच. १८९० मध्ये या आळशीपणाच्या आरोपावर त्यांनी दीर्घ निबंध लिहिला, त्यातही जुगाराचा विषय टाळलेला नाही.

दुसरी कादंबरी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ बेल्जियमच्या गेंट शहरात सप्टेंबर १८९१ मध्ये छापली गेली. तेथील सहनिवासी होसे आलेहान्द्रिनो यांनी सांगितलेली हकिगत मजेदार आहे. न्याहारीवर होणारा खर्च वाचवण्यासाठी रिझाल यांनी चहा, साखर आणि बिस्किटांचा डबा आणला, बिस्किटे मोजली आणि महिन्याचा दोघांचा वाटा दिवसागणिक ठरवून दिला. आलेहान्द्रिनोची बिस्किटे पंधरा दिवसांत संपली. रिझाल महिनाभर ठरल्या संख्येवर राहिले. या दुसऱ्या कादंबरीत मनिलातल्या चिनी पान्सितेरियात, म्हणजे नूडल्सच्या खानावळीत, विद्यार्थ्यांची उपरोधिक मेजवानी आहे आणि पदार्थांना सत्ताधाऱ्यांची व पाद्र्यांची नावे देऊन टिंगल चालते. पान्सित हा चिन्यांनी आणलेला आणि फिलिपिनोंनी आपलासा केलेला पदार्थ. रिझाल घराण्याचाही इतिहास काही वेगळा नव्हता.

दरम्यान कलाम्बात सर्वनाश झाला होता. खंडाविरुद्ध दाद मागणाऱ्या कुळांवर मठाने दावे जिंकले आणि १८९० ते ९१ मध्ये अनेक कुटुंबांना लष्कराच्या बळावर घराबाहेर काढण्यात आले. रिझाल यांचे आईवडीलही त्यात होते. सीताफळांची ती बाग गेली. त्या खटल्यामागची प्रेरणा होसेची होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. वृद्ध वडिलांचे छप्पर आपल्यामुळे गेले, ही टोचणी त्यांना होती आणि मित्रांचा सल्ला डावलून जून १८९२ मध्ये ते मनिलाला परतले, त्यामागे हेही एक कारण होते. ३ जुलैला त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही संघटना स्थापन केली. तीन दिवसांनी अटक झाली. १७ जुलै रोजी मिंडानाओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या दापितान या दूरच्या गावी त्यांना हद्दपार म्हणून उतरवण्यात आले.

आता ती तिकिटाची गोष्ट. दापितानचा लष्करी अधिकारी कॅप्टन कार्निसेरो हा रिझाल यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी नेमलेला. हळूहळू दोघांची मैत्री झाली. त्या दोघांनी आणि दिपोलोगच्या एका स्पॅनिश रहिवाशाने मिळून मनिला लॉटरीचे तिकीट घेतले होते, क्रमांक ९७३६. सप्टेंबर १८९२ मध्ये डाकेच्या बोटीने बातमी आणली: २०,००० पेसोंचे दुसरे बक्षीस. रिझाल यांच्या वाट्याला ६,२०० पेसो आले. त्यातले २,००० त्यांनी बेघर झालेल्या वडिलांना दिले, २०० हाँगकाँगच्या एका मित्राला पाठवले आणि उरलेल्यांतून दापितानजवळ तालिसाय येथे समुद्रकाठी जमीन घेतली.

झुंजीच्या आखाड्यांवर टीका करणारा हा माणूस सरकारी जुगारावर मात्र वर्षानुवर्षे पैसे लावत राहिला, ही विसंगती आहेच. तिच्यावर पांघरूण घालण्याची गरज नाही. झुंजीत माणूस दिवसाची मजुरी आणि घरातले तांदूळ हरतो, सोडतीत ठरलेले चार नाणी, असा हिशेब त्यांनी केला असेल; बिस्किटे मोजणाऱ्याला तो जमण्यासारखा होता. पण दोन्हींची तिजोरी एकच होती. त्या तिजोरीने कुटुंबाची जमीन गेलेल्या मुलाला पुन्हा जमीन दिली, हे नशिबाचे वेगळेच फासे.

तालिसायला त्यांनी बांबू, लाकूड आणि निपाची तीन घरे उभारली. चौकोनी घरात स्वतः आणि भेटीला आलेली आई व बहीण, अष्टकोनी घरात विद्यार्थी, षट्कोनी घरात कोंबड्या. या कोंबड्या झुंजीच्या नव्हत्या, हे सांगायला नको. आंबा, फणस, लान्सोनेस यांची झाडे, नारळ, कॉफी, अबाका. पहाटे पाचला उठायचे, झाडांवरून नजर टाकायची, कोंबड्यांना दाणे घालायचे, न्याहारी करून गरीब रुग्ण तपासायचे, मग होडी वल्हवत गावात जाऊन तिथले रुग्ण पाहायचे. दुपारी मुलांना शिकवायचे आणि उरलेला वेळ शेतात. कलाम्बाकडच्या कोळ्यांची जाळी दापितानच्या कोळ्यांना शिकवावीत, म्हणून त्यांनी मेव्हण्याला पत्र लिहून ती जाळी आणि ती टाकणारी माणसे यांची चौकशी केली होती.

शाळेची सुरुवात तीन मुलांनी झाली. पुढे संख्या वीसच्या वर गेली. फी नव्हती. मुलांनी बागेत काम करायचे, बदल्यात भाषा, भूगोल, गणित आणि भरपूर खेळ शिकायचे. कुस्ती, मुष्टियुद्ध, पोहणे, होडी चालवणे, नेम धरून दगड मारणे आणि आर्निस, म्हणजे वेताच्या छडीने खेळायचे तिथले देशी द्वंद्वयुद्ध. कलाम्बाच्या व्यायामशाळेत युरोपीय तलवार होती. इथे तिच्या जोडीला देशी काठी आली. एवढ्या छोट्या फरकातही बरेच काही दिसते. आर्निसला फिलिपिन्सने कायद्याने राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला तो थेट २००९ साली.

विद्यार्थ्यांना घेऊन ते रानात आणि किनाऱ्यावर हिंडत. या छंदातून २०३ जातींच्या ३४६ शिंपल्यांचा संग्रह जमला. उडणारा सरडा, एक बेडूक आणि एक भुंगेरा यांना युरोपातील शास्त्रज्ञांनी रिझाल यांचे नाव दिले. जुने जेझुइट गुरू सांचेस यांच्या मदतीने गावच्या चौकात मिंडानाओचा उंचसखल नकाशा मातीत घडवला. तो आजही तिथे आहे.

फेब्रुवारी १८९५ मध्ये हाँगकाँगहून एक अंध वृद्ध उपचारासाठी आला. त्याच्याबरोबर त्याची अठरा वर्षांची मानलेली मुलगी होती, जोसेफिन ब्रॅकन. वृद्धाची दृष्टी परत आली नाही. जोसेफिन मात्र तालिसायची झाली. पाद्र्यांनी लग्न लावण्यास नकार दिला, म्हणून दोघे तसेच एकत्र राहिले. रिझाल यांच्या बहिणींना ती प्रथम पसंत नव्हती. त्यांचे मन वळवण्यासाठी रिझाल यांनी लिहिलेल्या पत्रात तिच्या रूपाचे वर्णन नाही, स्वयंपाकाचे आहे. पान्सितसाठी लागणाऱ्या मिकी शेवया दापितानला मिळत नाहीत, म्हणून ती पीठ आणि अंडी मळून लांब शेवया करते आणि त्यांवर काम भागते. ती बागोओंग घालते, तेव्हा त्याला रंग आणणारे लाल आंकाक पाठवता आले तर पाठवावे. तिने केलेले मिरचीचे मिसो तर दहा वर्षे पुरेल. बागोओंग म्हणजे मासळी किंवा कोळंबी मिठात मुरवून केलेले उग्र वासाचे कालवण. परदेशी माणसाची परीक्षा पाहणारा पदार्थ. आयरिश रक्ताची मुलगी ते घालू शकते, याहून मोठी शिफारस फिलिपिनो नणंदांसाठी दुसरी काय असणार? १८९६ मध्ये त्यांचे मूल अकाली जन्मले आणि वाचले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये कातिपुनान या गुप्त संघटनेचा दूत उठावाचा निरोप घेऊन आला. शस्त्रे आणि तयारी नसताना उठाव नको, असे रिझाल यांनी सांगितले. ३१ जुलैला क्युबात लष्करी डॉक्टर म्हणून काम करण्यासाठी त्यांनी दापितान सोडले. वाटेत असतानाच मनिलाजवळ उठाव झाला, बोटीवर त्यांना अटक झाली, बार्सिलोनाहून परत पाठवले गेले आणि २६ डिसेंबरला लष्करी न्यायालयाने बंडखोरीबद्दल मृत्युदंड ठोठावला. गोळ्या झाडण्यापूर्वी लष्करी डॉक्टरने नाडी तपासली, ती नेहमीच्या गतीने चालत होती.

आदल्या दिवशी दुपारी आई आणि बहिणी अखेरच्या भेटीला सान्तियागो किल्ल्यात आल्या होत्या. द्यायला फारसे काही नव्हते. कोठडीत त्यांच्याजवळ स्पिरिटवर चालणारी एक लहानशी शेगडी होती, पॅरिसच्या मित्रपरिवाराने भेट दिलेली. ती त्यांनी त्रिनिदाद या बहिणीला देऊ केली आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून आत काही आहे, असे इंग्रजीत हळूच सांगितले. घरी गेल्यावर शेगडी उघडली, तेव्हा तिच्यात बारीक घडी केलेला एक कागद निघाला. त्यावर शीर्षक नसलेली, सही नसलेली, चौदा कडव्यांची कविता होती.